जुन्या फियाटचा गंज आणि गॅरेजवाल्यांची पत

मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली ती 29 ऑक्टोबर 2003 रोजी, ताडदेवच्या आरटीओत. टॅक्सीला वयाची मर्यादा 20 वर्षांची, त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी निरोपाचे लेख छापले, लोकांनी फोटो काढले. पण ज्यांचा चुलीशी संबंध होता त्यांचे कुणी विचारले नाही. कुर्ला, भायखळा, जोगेश्वरी, मुंब्रा या भागांत आमचे कितीतरी मिस्त्री, डेंटर, पेंटर आणि वायरमन याच एका गाडीवर दोन-दोन पिढ्या जगले. त्यांतले एक उस्ताद त्या वेळी आम्हाला म्हणाले होते, ‘‘आता हातातले पाने गंजणार.’’

वास्तविक तसे झालेले नाही. टॅक्सी गेली, परंतु खासगी फियाट अजून आहेत. कुणाच्या वडिलांची, कुणाच्या सासऱ्यांची, कुणी गावाकडच्या गोठ्यातून ओढून आणलेली. या गाड्यांचे मालक आता गाडी मोडीत काढायला येत नाहीत, ती पुन्हा उभी करायला येतात आणि त्यासाठी पैसे मोजायची त्यांची तयारी असते. धंदा नव्या वेषात परत आला आहे. प्रश्न एवढाच की तो आमच्या कारागिरांच्या हातात राहणार की नाही. आम्हाला त्याची काळजी वाटते आणि तिचे कारण स्पष्टच लिहितो. कारण आहे पुट्टी, जिला आमचे बरेच कारागीर लांबी म्हणतात.

आधी गाडीविषयी थोडेसे, कारण नव्या शागिर्दांना ही माहिती कुणी देत नाही. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ही गाडी इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने कुर्ल्याच्या कारखान्यात बनवली. आधी ती फियाट 1100 होती, मग काही काळ प्रीमियर प्रेसिडेंट, आणि 1974 पासून प्रीमियर पद्मिनी. 2000 सालाच्या सुमारास उत्पादन थांबले. कारखान्याच्या जागेवर आज कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत. नावे कितीही बदलली तरी आमच्या लोकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली, म्हणून आम्हीही इथे फियाटच म्हणतो.

इंजिन 1089 सीसीचे, चार सिलिंडरचे. ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचे. इंजिन पुढे, चाल मागच्या चाकांना, मागे पाट्याच्या स्प्रिंगा. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की या गाडीला वेगळी चासी नाही. ट्रकला किंवा जीपला खाली लोखंडी चासी असते आणि बॉडी वर बसवलेली असते. फियाटमध्ये बॉडीचा पत्रा हीच चासी. फरशी, दारांखालचे लांब पोकळ फुटबोर्ड, दारांचे खांब आणि छत हे सारे मिळून गाडीचे वजन पेलतात. ज्या डेंटरला ही एक गोष्ट उमजली त्याला फियाटचा गंज उमजला. जीपचा पत्रा सडला तर दिसायला वाईट दिसते. फियाटचा फुटबोर्ड सडला तर गाडीचा कणाच गेला.

आता आमचाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही हौसेने एक फियाट घेतली. रंग मलईसारखा, क्रोम चकचकीत, बोनेटवर चेहरा दिसावा अशी पॉलिश. विकणाऱ्याचे नाव लिहित नाही, त्याची गरजही नाही. पहिल्या पावसाळ्यात डाव्या फुटबोर्डावर हरभऱ्याएवढे फोड आले. दिवाळीपर्यंत ते फोड फुटले. पंक्चर काढायला जॅक लावला तर गाडी वर उचलण्याऐवजी जॅकच पत्र्यात घुसला. आमच्या ओळखीच्या डेंटरने छिन्नीने लांबी उडवली तेव्हा तिची जाडी बोटाच्या पेरापेक्षा जास्त निघाली, आणि तिच्या मागे पत्रा नव्हताच. होते ते वर्तमानपत्राचे बोळे. फुटबोर्डाच्या पोकळीत कागद कोंबून, त्यावर लांबी थापून, घासून, त्यावर तो मलईचा रंग मारला होता. कागदावरची तारीख वाचता येत होती. आम्ही गाडी घेतली त्याच्या अवघे तीन महिने आधीची!

ज्याने हे केले तोही कुशल होता, हे कबूल केले पाहिजे. कागदावर लांबीची इतकी सरळ रेघ ओढणे सोपे काम नव्हे. तोच हात खऱ्या पत्र्यावर चालला असता तर गाडी आणखी वीस वर्षे टिकली असती. आम्हाला राग आला तो याचा.

लांबी हा गुन्हा आहे असे आमचे म्हणणे नाही. हातोडी आणि डॉलीने पत्रा सरळ केल्यावर वर जी बारीक उंच-सखल राहते ती भरायला लांबी लागतेच. तेवढ्यापुरती ती पातळ थराने लावावी. पण लांबी पाणी शोषते. तिच्याखाली गंज राहिला असेल तर वर रंगाचे कितीही हात मारा, ओलावा कडेकडेने आत शिरतो आणि तिथेच थांबतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो फुगतो आणि लांबीला खालून ढकलतो. गिऱ्हाईक ज्याला ‘रंगाचा फोड’ म्हणते तो रंगाचा आजारच नव्हे.

गंज कुठे बघायचा? फियाटच्या बाबतीत त्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पुढच्या मडगार्डचा मागचा भाग, जिथे चाकाने उडवलेला चिखल आतून साठतो. हेडलाइटच्या वाटीभोवती. काचेच्या रबराखालची कड, कारण रबर वाळून कडक झाले की पाणी त्याच्या आत मुरते आणि तिथून थेट पायाखालच्या फरशीवर उतरते. दारांच्या तळाशी पाणी जायला भोके असतात. ती धुळीने किंवा रंगाने बुजली की दाराच्या आत पाण्याची टाकीच तयार होते. बॅटरीच्या खालचा ट्रे अॅसिडने खाल्लेला असतो. डिकीची फरशी आणि स्टेपनीची जागा तर बघावीच. जी गाडी पूर्वी सीएनजीवर चालली असेल तिच्या डिकीत सिलिंडरच्या वजनाने पत्रा तडकलेला असतो आणि ब्रॅकेटसाठी पाडलेल्या भोकांतून सडायला लागलेला असतो.

पण सर्वांत फसवी जागा म्हणजे पायाखालची फरशी. वर रबरी मॅट, तिच्याखाली तागाचा नमदा. नमदा एकदा भिजला की आठवडे-आठवडे ओला राहतो. गिऱ्हाइकाने वरून पुसून घेतलेले असते, त्यामुळे त्याला वाटते गाडी कोरडी आहे. मॅट उचलल्याशिवाय फियाटचा सौदा करू नये आणि मॅट उचलल्याशिवाय कामाचा भावही सांगू नये. कोकणातून आलेली गाडी असेल तर दुप्पट सावध राहावे. रत्नागिरी, मुरूड, श्रीवर्धन या बाजूची खारी हवा म्हणजे गंजाला खुराक, आणि गाडी वापरात नसून झापाच्या शेडमध्ये उभी असेल तर जमिनीची ओल तिला खालून खाते. उलट सोलापूर-विजापूरकडची गाडी उन्हाने रंग उडालेली आणि रबरे फाटलेली असेल, पण पत्रा बहुधा ठणठणीत निघतो. दिसायला कोकणची गाडी बरी आणि घ्यायला सोलापूरची बरी, असे आम्ही अनेकांना सांगत आलो.

तपासायला यंत्र लागत नाही. एक लोहचुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावा. जिथे तो धरत नाही तिथे लांबी जाड आहे. बोटाच्या गाठीने टकटक करावी. पत्रा वाजतो, लांबी दबका आवाज देते. आणि दारे उघडून-मिटून बघावीत. फुटबोर्ड कमजोर झाला की गाडी मधोमध किंचित बसते आणि दाराच्या वरच्या कोपऱ्यातली फट कमी होते. दार उचलून लावावे लागत असेल तर विकणारा सांगेल की बिजागरी झिजली आहे. बिजागरी झिजतेही, नाही असे नाही. पण आधी खाली वाकून बघावे.

काम करताना आमच्या डेंटर बांधवांची जी चूक सर्वांत जास्त वेळा पाहिली ती अशी. सडलेला फुटबोर्ड ते एकदम कापून काढतात, मग नवा पत्रा वाकवून जोडतात, आणि शेवटी दार लावायला गेले की दार बसत नाही. बसणार कसे? कणा कापला तेव्हाच गाडी वाकली. कापायच्या आधी गाडी चारही बाजूंनी सपाट आधारावर घ्यावी, एका दाराच्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत लोखंडी पाइप तात्पुरता वेल्ड करून आधार द्यावा, आणि दारे जागेवर लटकवून फटी मोजत-मोजत पत्रा बसवावा. एका वेळी एकच बाजू कापावी. वेल्डिंग सलग ओढू नये. इथे एक टाका, तिथे एक टाका असे अंतर सोडून मारावे, म्हणजे पत्रा तापून लहरी घेत नाही. जुने उस्ताद गॅसवर हे काम करायचे आणि त्यांचा हात सुंदर चालायचा. आज सीओटू वेल्डिंगने उष्णता कमी पसरते, शिकायलाही ते सोपे, म्हणून ते यंत्र घेण्यात कंजुषी करू नये.

आणि वेल्डिंगआधी पेट्रोलची टाकी गाडीतून बाहेर काढावी. ‘रिकामी आहे’ म्हणून ठेवू नये. रिकाम्या टाकीत वाफ असते, आणि पेट्रोलपेक्षा तिची भीती जास्त. बॅटरीच्या तारा सोडवाव्यात. सीएनजीची गाडी असेल तर सिलिंडरला जाणकाराखेरीज कुणी हात लावू नये. हे सर्वांना माहीत आहे असे सर्वजण म्हणतात, तरीही दर दुसऱ्या गॅरेजात आम्ही टाकी जागेवर ठेवून ठिणग्या उडताना पाहिल्या आहेत.

पत्रा जोडल्यावर आतल्या पोकळीचे काय? बाहेरून रेड ऑक्साइड मारले, रंग मारला, पण गंज आतून सुरू झाला होता आणि आतूनच पुन्हा सुरू होणार. पोकळीत लांब नळीने मेणाचे किंवा गंजरोधक तेलाचे फवारे मारावे लागतात, पाणी जायची भोके मोकळी ठेवावी लागतात. या कामाला साहित्य थोडे लागते आणि वेळही फार लागत नाही. गिऱ्हाइकाला ते दिसत नाही म्हणून कारागीर ते करत नाही आणि गिऱ्हाईकही त्याचे पैसे देत नाही.

आता मशीनकडे वळू. मिस्त्री मंडळी म्हणतील की गंज ही डेंटरची भानगड, आमचा काय संबंध? आमचे म्हणणे असे की फियाटचे निम्मे मशीनी आजार गंजाचेच नातेवाईक आहेत. टाकी आतून गंजली की त्याची भुकटी पंपातून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये येते. गाडी चढावर हुंदके देते. मिस्त्री कार्ब्युरेटर साफ करतो, चार दिवस बरे चालते, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. टाकी उतरवून धुतल्याशिवाय हा रोग जात नाही. बॉडीला आलेल्या अर्थिंगच्या तारेच्या जागी गंज चढला की दिवे मंद, हॉर्न बसका, सेल्फ जड. अशा वेळी गिऱ्हाइकाच्या गळ्यात नवी बॅटरी मारली जाते. वास्तविक ती जागा घासून पत्रा उघडा केला, तार घट्ट कसली की काम झाले. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढते, म्हणून वर्षानुवर्षे तेच ऑइल राहिले की व्हील सिलिंडर आतून गंजून अडकतात आणि उभ्या गाडीचे ब्रेक जाम होतात.

गाडी तापण्याचेही तसेच. फियाटची ही जुनी बदनामी आहे. बिडाचा ब्लॉक आणि अॅल्युमिनियमचे हेड यांच्यामधून साधे नळाचे किंवा बोअरचे पाणी फिरवले की दोन निरनिराळ्या धातूंमुळे अॅल्युमिनियम झिजू लागते आणि ब्लॉकच्या आत गंजाचा गाळ साठतो. गाळाने वाटा बुजतात, गाडी तापते, हेड वाकते, गॅस्केट जाते. मग हेड उतरते, फेसिंग होते, नवे गॅस्केट बसते, आणि रेडिएटरमध्ये पुन्हा तेच नळाचे पाणी! शिवाय मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो की आता गाडी तापणार नाही. त्याने सकाळी इंजिन लवकर गरम होत नाही, पेट्रोल जास्त जाते आणि झीज वाढते. मूळ रोग ब्लॉकमधल्या गाळात तसाच राहतो. ब्लॉक मागे-पुढे दोन्ही बाजूंनी धुऊन काढणे, रेडिएटर उघडून साफ करणे आणि योग्य प्रमाणात कूलंट घालणे, एवढे केले तर ही गाडी मुंबईच्या मे महिन्यातही चालते.

तरीही एक त्रास राहतोच, तो म्हणजे गर्दीत अडकल्यावर पेट्रोल पंपातच वाफ धरणे. पंप इंजिनलाच चिकटलेला असल्याने तो तापतो. टॅक्सीवाले पंपावर ओले फडके टाकायचे. पुष्कळांना ते अडाणीपणाचे वाटले, पण ते अगदी बरोबर होते. पंप आणि ब्लॉक यांच्यामधला जाड उष्णतारोधक तुकडा जागेवर आहे का, हे आधी बघावे. मागे कुणीतरी तो पातळ गॅस्केट टाकून बदललेला असतो.

इथे एक नवी बाब ध्यानात घेतली पाहिजे. 2025 पासून आपल्याकडच्या पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास मिळू लागले. फियाट बनली तेव्हा असे पेट्रोल कुणाच्या मनातही नव्हते. इथेनॉल जुन्या रबराला मऊ करते किंवा तडकवते, म्हणून पंपाचा डायफ्राम आणि पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसवाव्यात. ते ओलावाही ओढते, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आतून जास्त गंजते, आणि टाकीतला जुना गाळ सुटून जेटकडे येतो. स्पेअर पार्टच्या व्यापाऱ्यांनी नव्या रबराचा माल ठेवला तर तो विकला जाईल. पंधरा वर्षे दुकानात पडलेला डायफ्राम ‘ओरिजिनल आहे’ म्हणून खपवणे मात्र बंद करावे. रबराला वय असते, डबा सीलबंद असला तरी.

निळा धूर दिसला की ‘बोअर करावे लागेल’ हा आमच्या मिस्त्रींचा आवडता निकाल. सकाळी सुरू करताना किंवा उतारावर अॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना धूर येत असेल तर बहुधा व्हॉल्व्हचे गाइड झिजलेले असतात, आणि ते काम हेडपुरतेच आटोपते. जोर लावताना सतत धूर येत असेल तर रिंगांचा संशय घ्यावा. कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय ब्लॉकला हात लावू नये, कारण प्रत्येक बोअरने ब्लॉकचे आयुष्य कमी होते आणि नवा ब्लॉक आता कुठून आणणार? स्टीअरिंगवरच्या गिअरची तीच गत. गिअर अडकतो म्हणून गिअरबॉक्स उतरवतात. पुष्कळदा रॉडच्या जोडांमधले किरकोळ किमतीचे बुश झिजलेले असतात. पुढचे किंगपिन ग्रीसवाचून झिजतात. ग्रीसगन मारायला पाच मिनिटे लागतात, ती कुणी मारत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हे सारे ज्ञान आमच्या लोकांकडे आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोरबाजारात हातात भाग घेऊन तो कोणत्या सालचा हे सांगणारे लोक अजून बसले आहेत. मग काम निसटते कुठे? भाव सांगण्याच्या पद्धतीत. गिऱ्हाईक गाडी घेऊन येते, उस्ताद एक फेरी मारतात आणि उक्ता आकडा सांगतात, ‘‘सगळे मिळून इतके, रंगासकट.’’ बयाणा घेतात. गाडी उघडली की आत अपेक्षेपेक्षा दुप्पट सड निघते. आता वाढीव पैसे मागितले तर गिऱ्हाईक म्हणणार, फसवले. न मागता काम केले तर घरातून भरावे लागणार. मग तिसरा मार्ग उरतो, कागद आणि लांबी. म्हणजे बेइमानीची सुरुवात बहुतेक वेळा बेइमानीच्या इराद्याने होत नाही. न बघता दिलेल्या जबानीने होते.

म्हणून आम्ही सुचवतो की जुन्या फियाटचा उक्ता भाव कुणीही देऊ नये. पहिल्यांदा फक्त उघडून बघण्याचे पैसे घ्यावेत. मॅट, सीटा, दारांचे आतले पुठ्ठे काढावेत, संशयित जागची लांबी गिऱ्हाइकासमोर उडवावी, मोबाइलवर फोटो घ्यावेत. मग कागदावर लिहून द्यावे की पत्र्याचे काम एवढे, त्याला एवढे दिवस. पत्रा पुरा झाल्यावर ब्रेक आणि मशीन, त्याचा वेगळा हिशेब. रंग सर्वांत शेवटी. गिऱ्हाइकाकडे पैसे कमी असतील तर रंग पुढच्या वर्षी होईल, गाडी प्रायमरमध्ये सुरक्षित चालेल. आणि मजुरी दिवसांवर लावावी. समजा एका फुटबोर्डाला दोन माणसांचे सहा दिवस लागले, तर बारा दिवसांची मजुरी, गॅस, पत्रा असे लिहावे. आमचा कारागीर पत्र्याचे पैसे मागतो आणि आपल्या हाताचे पैसे मागायला लाजतो, हे आम्हाला कधी समजले नाही.

यावर जे उत्तर मिळते ते ठरलेले आहे. ‘‘शेजारचा निम्म्यात करून देतो, मग गिऱ्हाईक त्याच्याकडे जाते.’’ जाते, खरे आहे. आमच्याकडे याला तोड नाही. काही गिऱ्हाइके जातील. गाडी विकायला ‘तयार करून’ मागणारे दलाल तर हमखास जातील, कारण त्यांना गाडी एक पावसाळाभरच उभी ठेवायची असते. या दलालांबद्दल आमच्या पानावर क्वचितच लिहिले जाते, कारण तेही आमचे वाचक आहेत. पण दोष निम्म्याहून अधिक त्यांचा आहे. नफा ते घेतात आणि नाव डेंटरचे जाते. वर सुके आणि आत ओले धान्य ठेवणाऱ्या व्यापाऱ्याचा प्रसंग आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

शिवाय आता कायद्याचेही कारण आहे. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी खासगी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात जपलेली असेल आणि तिच्या चासीत, बॉडीत वा इंजिनात मोठा फेरफार नसेल, तर तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षांची, पुढच्या नूतनीकरणाला 5,000 रुपये. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. पद्मिनी हे नाव 1974 चे, म्हणजे 2024 पासून पहिल्या पद्मिनींनी पन्नाशी गाठली, आणि यापुढे दर वर्षी आणखी गाड्या त्या रेषेपलीकडे जाणार. अशा मालकाला मूळ पत्रा, मूळ इंजिन आणि मूळ गिअर हवा असतो. त्याच्या गाडीचा स्टीअरिंगवरचा गिअर काढून खाली बसवला, दुसऱ्या गाडीचे इंजिन टाकले किंवा मडगार्डचा घाट बदलला, तर आपण त्याची सोय केली असे आपल्याला वाटेल, पण त्याचे नुकसानच होईल. काय कापले, काय जोडले याचे फोटो आणि जुने काढलेले तुकडे मालकाच्या हवाली करावेत. असा कागदोपत्री हिशेब जो ठेवील त्याच्याकडे ही गिऱ्हाइके टिकतील. जो ठेवणार नाही त्याच्याऐवजी वातानुकूलित वर्कशॉपवाले ते काम घेतील आणि आमच्याच डेंटरला रोजावर बोलावून करून घेतील. काही ठिकाणी हे सुरूही झाले आहे.

शागिर्दांचा प्रश्न राहिला. डेंटरचा मुलगा आज डेंटर होऊ इच्छित नाही. त्याला आम्ही दोष देत नाही. बापाच्या कानात हातोडीचा आवाज बसलेला, छातीत रंगाची वाफ आणि लांबीची धूळ. दोन डब्यांचा रंग मारताना साधा रुमाल बांधून भागत नाही, योग्य मास्क लागतो, आणि त्याचा खर्च कामाच्या हिशेबात धरलाच पाहिजे. मुलगा बघतो की बाप महिनाभर खपतो आणि शेवटी उक्त्याच्या भांडणात पैसे बुडतात. त्याने मोबाइलचे दुकान काढले तर काय चुकले?

आमच्या त्या फियाटचा फुटबोर्ड पुढे एका तरुणाने बदलला. तेव्हा तो एकवीस-बावीस वर्षांचा असावा. त्याने पहिल्या दिवशी भाव सांगितला नाही. दोन दिवस गाडी उघडली, खडूने पत्र्यावर खुणा केल्या आणि मग वहीच्या पानावर हिशेब लिहून दिला. आकडा आम्हाला जड वाटला आणि आम्ही घासाघीस केली. तो म्हणाला, ‘‘चाचा, उजवी बाजू पुढच्या साली करू. पण डावी यातून एक रुपया कमी होणार नाही.’’ आम्ही डावी केली. पुढच्या साली उजवी त्याच्याकडूनच करून घेतली. आता दर मे महिन्याच्या अखेरीस तो येतो, मॅट उचलतो, दारांच्या तळाची भोके तारेने मोकळी करतो, पोकळीत मेणाचा फवारा मारतो आणि त्याची वेगळी पावती देतो.